कामावर अपघात झाला तर दवाखाना, कागद आणि क्लेम: नीट वाचा, कामगार मित्रांना पण सांगा

कारखान्यात, साइटवर, गोडाऊनला, वर्कशॉपला अपघात झाला की पहिल्या दोन तासात जे बोललं जातं आणि लिहिलं जातं त्यावर पुढची सगळी भरपाई उभी राहते किंवा झोपते. वकील, युनियन, अर्ज हे सगळं नंतरचं. आधी कॅज्युअल्टीच्या केस पेपरवर काय लिहिलं गेलं ते बघतात सगळे, ईएसआयवाले (म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना) पण, कोर्ट पण आणि इन्शुरन्स कंपनीचा वकील तर आधी तेच काढतो.

आधी जीव वाचवायचा, ते सांगायला नको. १०८ ला फोन करा, अॅम्ब्युलन्स फुकट असते. शॉक लागला असेल तर आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात. डोळ्यात किंवा अंगावर केमिकल उडालं तर नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडत राहायचं, कपडे काढून टाकायचे, हळद, टूथपेस्ट असलं काही लावायचं नाही. आणि बोट तुटलं असेल तर (प्रेस शॉपमध्ये हे नेहमीचं आहे, म्हणून सांगतोय) तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कपड्यात किंवा गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट डायरेक्ट बर्फात टाकायचं नाही, ते गोठून खराब होतं आणि मग जोडता येत नाही. पुष्कळ लोक घाईत नेमकं तेच करतात.

केस पेपरवरची ती एक ओळ

आता मुख्य गोष्ट. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतो कसं लागलं, आणि तुम्ही जे सांगाल ते तो एच/ओ (हिस्ट्री ऑफ, म्हणजे काय घडलं) लिहून त्याच्यापुढे एका ओळीत लिहितो. ती ओळ "घरी जिन्यावरून पडला" अशी पण असू शकते आणि "कंपनीत पॉवर प्रेसवर काम करताना उजवा हात सापडला, सकाळी साडेदहा वाजता" अशी पण असू शकते. जखम तीच, हाड तेच, पण पहिल्या ओळीने क्लेम मेला असं समजा.

आणि होतं काय, की दवाखान्यात सोबत येतो तो सुपरवायझर नाहीतर ठेकेदाराचा माणूस. तो वाटेतच गाडीत सांगतो, "घरी लागलं असं सांग, पोलीस केस नको, साहेब सगळा खर्च करणार आहेत, तू काळजी करू नकोस." साहेब पहिली दोन बिलं भरतात पण. मग महिन्याभराने फोन उचलणं बंद होतं आणि तुमच्या हातात जो कागद असतो त्याच्यावर जिन्यावरून पडल्याचं लिहिलेलं असतं. म्हणून डॉक्टरला स्वतः सांगा, बोलता येत नसेल तर घरच्या माणसाने सांगावं, आणि लिहिलेलं वाचून घ्या. इंग्रजीत असलं तर विचारा की साहेब काय लिहिलंय. कंपनीचं नाव, मशीन, वेळ, कोणता हात हे आलं पाहिजे.

कामावरच्या अपघाताची केस हॉस्पिटलवाले एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. याला घाबरायचं काही कारण नाही, एमएलसी म्हणजे तुमच्यावर केस नाही. पोलीस जबाब घ्यायला आले की तेच सांगा जे डॉक्टरला सांगितलं, दोन जागी दोन गोष्टी नकोत. एमएलसी नंबर लिहून ठेवा.

त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, सोबतच्या कामगाराला सांगून मशीनचा आणि जागेचा फोटो काढून घ्या. का ते सांगतो. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात, म्हणजे हात डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) असताना स्ट्रोक (प्रेसचा दाब) पडूच नये. प्रत्यक्षात एक बटण चिकटपट्टीने दाबून बसवलेलं असतं कारण तसं केलं की पीस जास्त निघतात, आणि हे सुपरवायझरच्या डोळ्यासमोर चालू असतं. अपघात झाला की रात्रीतून चिकटपट्टी गायब, सेन्सर नवा, गार्ड रंगवून बसवलेला आणि रिपोर्टमध्ये "कामगाराचा निष्काळजीपणा". फोटो असेल तर ही गोष्ट चालत नाही. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच किंवा घरच्यांना पाठवून ठेवा, तारीख-वेळ आपोआप राहते.

कंपनीला लेखी कळवा

तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही. साधा अर्ज करा: नाव, टोकन नंबर, तारीख, वेळ, कुठल्या मशीनवर, काय झालं, कोणी बघितलं. दोन कॉपी, एकीवर सही-शिक्का घ्या. एचआर शिक्का देत नसेल तर ईमेल करा किंवा रजिस्टर एडीने पाठवा, पोचपावती फायलीत. कंपनीत अपघाताचं रजिस्टर ठेवणं बंधनकारक आहे, त्यात नोंद झाली का ते बघायला मागा, जमलं तर त्या पानाचा फोटो. फॅक्टरी असेल आणि माणूस ४८ तासांपेक्षा जास्त कामाबाहेर राहणार असेल तर मालकाला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पण कळवावं लागतं. ते लपवलंय असं वाटलं तर तुम्ही स्वतः तिथे तक्रार देऊ शकता.

आता पुढचा रस्ता दोन ठिकाणी फुटतो. तुमचा ईएसआय कापला जातो का नाही, त्यावर ठरतं.

ईएसआय असेल तर

पगार स्लिप बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि दहा किंवा जास्त माणसं असलेलं युनिट, असा साधारण हिशोब आहे (दिव्यांग कामगारांना मर्यादा २५,००० आहे). तुमच्याकडून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या अपघातासाठी किती महिने भरले वगैरे अट नाही. काल जॉइन झालात आणि आज हात सापडला तरी हक्क आहे. हे लोकांना माहीत नसतं आणि कंपनी पण "अजून तुझं कार्ड आलं नाही" असं सांगून वाटेला लावते. कार्ड नसू दे, इन्शुरन्स नंबर दहा आकडी असतो तो एचआरकडून घ्या, उमंग अॅपवर पण दिसतो. कंपनीने नाव नोंदवलंच नसेल पण युनिट ईएसआयमध्ये बसत असेल तर तुमचा हक्क संपत नाही, ईएसआयच्या ब्रांच ऑफिसला लेखी द्या, पगाराचे पुरावे जोडा, मालकाकडून वसूल करायचं त्यांचं ते बघतील.

उपचार ईएसआय दवाखान्यात किंवा त्यांच्या हॉस्पिटलला, आणि तिथे सोय नसेल तर ते टाय-अप असलेल्या प्रायव्हेट हॉस्पिटलला रेफर करतात. इमर्जन्सीत जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलला गेलात तर चूक नाही, पण लगेच ईएसआयला कळवा आणि सगळी ओरिजिनल बिलं, डिस्चार्ज समरी, इमर्जन्सी सर्टिफिकेट जपा, ते रिइम्बर्समेंटला लागतं. ईएसआयची रांग, खिडक्या, "उद्या या", हे सगळं आहे, खोटं कशाला बोलायचं. पण मोठं ऑपरेशन असेल तर बाहेरचा खर्च सोसणाऱ्यांपेक्षा ही रांग परवडली.

पैशाचं असं आहे. अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बंद राहिलं तर बरं होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. रोजची सरासरी ६०० धरली तर ५४० रुपये रोज, थेट बँकेत. यासाठी दोन गोष्टी जुळायला लागतात, एक म्हणजे कंपनीने फॉर्म १२ म्हणजे अपघात रिपोर्ट भरलेला पाहिजे आणि दुसरं म्हणजे ईएसआय डॉक्टरचं सर्टिफिकेट, पहिलं, मधली, आणि शेवटी फिटनेसचं. सर्टिफिकेटात मधे चार दिवसाचा खंड पडला की तेवढे पैसे अडकतात, तेव्हा तारखा एकमेकीला लागून आहेत का ते खिडकीवरच बघा. पैशाचा क्लेम फॉर्म ९ वर करायचा.

फॉर्म १२ इथेच घोळ असतो. कंपनी भरत नाही, किंवा भरते पण त्यात "आजारी" दाखवते. आजार दाखवला की ९० टक्क्यांचे ७० टक्के होतात आणि मोठं नुकसान पुढे, कारण कायमच्या अपंगत्वाची पेन्शन कामावरच्या अपघातालाच मिळते, आजारपणाला नाही. कंपनी देत नसेल तर तुमच्या लेखी अर्जाची पोचपावती आणि केस पेपर घेऊन ब्रांच मॅनेजरकडे जा, ईएसआय स्वतः चौकशी करू शकते. कामाच्या वेळेत कामावर अपघात झालाय हे दिसत असेल तर उलट पुरावा येईपर्यंत तो कामामुळेच झाला असं धरायचं, कायदा तुमच्या बाजूने झुकलेला आहे. हेल्पलाइन १८००-११-२५२६ आहे, तक्रार नंबर घ्या.

बोट गेलं, डोळा गेला, हाताची मूठ वळत नाही, असं कायमचं काही राहिलं तर मेडिकल बोर्डासाठी (अपंगत्व तपासणारे डॉक्टर) अर्ज करा. फिटनेस मिळाल्यावर कामावर गेलात म्हणून हा हक्क जात नाही, लोक इथे फसतात, कामावर घेतलं ना मग झालं असं समजतात. पण उशीर करू नका, सर्टिफिकेट संपलं की लगेच अर्ज. बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. वरच्याच उदाहरणात ३० टक्के ठरली तर ५४० च्या ३० टक्के म्हणजे १६२ रुपये रोज, आयुष्यभर, नोकरी चालू असली तरी. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपील आहे. बोर्डासमोर जाताना घरून ठरवून जा की काय जमत नाही: नट पकडता येत नाही, स्क्रू फिरत नाही, दहा किलोची पेटी उचलत नाही. "दुखतंय साहेब" यातून त्यांना टक्के काढता येत नाहीत.

आणि ज्या काळात तुम्ही या अपघाताच्या पैशावर घरी आहात त्या काळात मालक कामावरून काढू शकत नाही.

ईएसआय नसेल तर

पगार २१ हजाराच्या वर, किंवा छोटं युनिट, किंवा बांधकाम साइट, तर मग नुकसानभरपाई मालकाकडून. हा १९२३ चा कायदा होता, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झालीये आणि तो कायदा आणि १९४८ चा ईएसआयचा कायदा दोन्ही तिच्यात गेलेत. हिशोबाचा गाभा तोच आहे. एकच सांगतो, ईएसआयमध्ये असाल तर हा दुसरा क्लेम नाही, दोन्हीकडून घेता येत नाही.

इथे उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यायचा असतो, म्हणून औषधाच्या चिठ्ठीपासून रिक्षाच्या पावतीपर्यंत सगळं ठेवा. बरं होईपर्यंत दर पंधरा दिवसाला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे साधारण अर्धा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षं.

कायमच्या नुकसानीचा हिशोब एकदा समजून घ्या, कारण मालक जे "सेटलमेंट" म्हणून देऊ करतो ते किती कमी आहे ते मगच कळतं. महिन्याचा पगार कितीही असू दे, हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात (जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,००० होते). त्याच्या ६० टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या फॅक्टरने गुणायचं. तीस वर्षाच्या माणसाचा फॅक्टर २०७.९८, चाळीसचा १८४.१७. म्हणजे तीस वर्षाच्या, १८,००० पगार असलेल्या कामगाराचं ९,००० (१५,००० चे ६० टक्के) गुणिले २०७.९८, झाले १८,७१,८२०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. आता कायद्याच्या यादीत प्रत्येक अवयवाचे टक्के दिलेत: अंगठा पूर्ण गेला ३०, अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण गेलं १४, एका हाताची तीन बोटं ३०, चार बोटं ५०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला आहे तर ४०. तर याच माणसाची तीन बोटं गेली तर १८,७१,८२० च्या ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. आणि त्याला ऑफर येते पन्नास हजाराची, वर एक पेढ्याचा पुडा.

यादीतले टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही. १९७६ साली सुप्रीम कोर्टात एका सुताराची केस होती, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. कोर्टाने कमाईची क्षमता १०० टक्के गेली असं धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा तुमचं काम काय आहे आणि ते आता होतं का, यावर डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, नुसतं हाड किती टक्के वाकतं त्यावर नको.

मालक काय काय सांगेल? "तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे." चालत नाही, मुख्य कंपनी जबाबदार आहे, तिने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. "दारू प्यायला होता, गार्ड स्वतः काढला." याला काही केसेसमध्ये अर्थ आहे, पण मृत्यू झाला किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर हे कारण पण चालत नाही. "तू सही करून दिलीस ना काही घेणंदेणं नाही म्हणून." अशी हक्क सोडून दिल्याची सही कायद्यात रद्दच आहे. तरी पण कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर सही करू नका, हॉस्पिटलच्या बेडवर तर अजिबात नाही, नंतर ती सही खोडून काढायला वर्ष जातं. "कामाला येताना रस्त्यात झालं, आमचा काय संबंध." हे पण आता तसं राहिलं नाही. महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ मध्ये पहाटेच्या ड्युटीला मोटरसायकलवरून जाताना गेला होता, त्याच्या घरच्यांची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि जुलै २०२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. ड्युटीची वेळ, रस्ता आणि कामाची जागा यांचा मेळ बसला पाहिजे, वाटेत मित्राकडे वळलात तर मग अवघड.

महिन्याच्या आत मालकाने पैसे दिले नाहीत तर त्यावर १२ टक्के व्याज लागतं आणि कारण नसताना अडवले तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. अर्ज अपघातापासून दोन वर्षाच्या आत टाकायचा, आपल्याकडे या केसेस लेबर कोर्टात चालत आल्यात. नवीन संहितेत सक्षम प्राधिकारी म्हणतात, तुमच्या जिल्ह्यात कोणाकडे आहे ते कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

पगाराचा पुरावा नसतो ही सगळ्यात मोठी अडचण, विशेषतः रोजंदारीवाल्यांची. मग जे आहे ते जमवा, यूपीआयने आलेले पैसे, पासबुक, गेटपास, हजेरीच्या वहीचा फोटो, सुपरवायझरचा "उद्या सेकंड शिफ्टला ये" असा मेसेज. दोन सोबतचे कामगार जबाब द्यायला तयार असतील तर त्यांच्या नोकरीचा पण विचार करा, आधी कंपनी सोडून गेलेला माणूस शोधा, तो मोकळेपणाने बोलतो.

बांधकाम कामगार असाल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी आहे का बघा, कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाखाची मदत मंडळाकडून आहे. मालकाची भरपाई त्यापेक्षा वेगळी.

माणूसच गेला तर

ईएसआयमध्ये पगाराच्या ९० टक्के पेन्शन घरच्यांना, त्यात पत्नीला पाचातले तीन भाग आणि प्रत्येक मुलाला दोन (बेरीज जास्त झाली तर प्रमाणात कमी करतात), शिवाय अंत्यविधीला १५,०००. ईएसआय नसेल तर हिशोब ६० ऐवजी ५० टक्क्याने, वरच्या तीस वर्षाच्या माणसाचे १५,५९,८५० होतात. ही रक्कम मालकाने घरच्यांच्या हातात नाही, प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते, म्हणजे दीर, सासरे, ठेकेदार मधे पडून बाईच्या हाताला कमी लागू नये. दहाव्याच्या दिवशी घरी येऊन पैसे मोजणारा मालक उपकार करत नाहीये, हे घरातल्या एका तरी माणसाने डोकं शांत ठेवून सांगावं.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, प्रत्येक जिल्हा कोर्टात आहे, औद्योगिक कामगार आणि महिला यांना तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न न बघता. फोन १५१००. टक्केवारीवर केस घेणारे एजंट हॉस्पिटलच्या दारातच भेटतात, त्यांना कागद देऊ नका, झेरॉक्स पण नको. आणि निकाल तुमच्या बाजूने लागल्यावर मालक "हायकोर्टात जातो, बघू किती वर्षं थांबतोस" म्हणाला तर त्याला जाऊ द्या, अपील करायच्या आधी त्याला भरपाईची रक्कम जमा करावी लागते.